ऑस्लोच्या धक्क्यावरचे सहा तास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. ज्याच्याबरोबर पंधरा वर्षं दर शनिवारी पिनरच्या पार्कात फिरतो, त्या मित्रालाही नाही. एकदा मुंबईच्या विमानात शेजारच्या अगदी अनोळखी गृहस्थांना सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात जेवणाचे ट्रे आले, आणि मी त्यांना विचारलं, तुम्ही व्हेज सांगितलं होतंत का? दरवेळी असंच होतं. काहीतरी येतं आणि मी सुटतो.

आज काही येऊ नये म्हणून दार लावून बसलोय.

सुरुवात कुठून करू? लोक मला चांगला भाऊ समजतात — तिथूनच करतो. लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला जमणारी माणसं अजूनही नव्या पाहुण्याला माझी ओळख करून देताना सांगतात, हे वसंतराव, यांनी रिटायर झालेल्या बहिणीला थेट नॉर्वे दाखवून आणलं. पाहुणा माझ्याकडे कौतुकानं बघतो. मी मान खाली घालतो. त्याला तो विनय वाटतो. जवळजवळ दहा वर्षं मी हा विनय चालवलाय.

ती बहीण म्हणजे अक्का. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, वडील गेले तेव्हा मॅट्रिकला. मला न्हाऊमाखू घालण्यापासून इंजिनिअर करून इंग्लंडच्या बोटीत बसवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी तिला कधीच विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

आणि तिला नॉर्वेचं वेड होतं. कऱ्हाडात बसून! समुद्र तिनं पाहिला होता तो रत्नागिरीचा, तोही दोनदा. पण वर्गात नॉर्वेचा धडा आला की ती घरून शिळ्या भाकरीचा तुकडा न्यायची, मुलींसमोर त्याची कड उंदरानं कुरतडावी तशी तोडायची आणि म्हणायची, हा बघा नॉर्वेचा किनारा. या ज्या चिरा पडल्यात, त्यांतून समुद्र डोंगरांच्या पोटात शिरलाय. याला फियोर्ड म्हणतात. मग तो तुकडा वर्गभर हातोहात फिरायचा. एक मुलगी एकदा तो खाऊन बसली होती — ती गोष्ट अक्का पन्नास वेळा सांगायची आणि पन्नास वेळा हसायची.

एकाहत्तर साली मी ब्रिस्टलला नोकरीला होतो, आणि कंपनीनं मला जहाजांच्या पंपांच्या कामासाठी आठ महिने ऑस्लोला पाठवलं. अक्काला काय आनंद झाला! लगेच तिचं हवाई पत्र आलं. बाकी काही नको, फियोर्डच्या पाण्याचा रंग नीट बघ आणि मला कळव, असं तिनं लिहिलं होतं. मी काय कळवलं असेल? निळा. एवढंच. एक शब्द.

कारण मला वेळ नव्हता. तिथे मारित होती.

हे नावसुद्धा मी इतक्या वर्षांत मोठ्यानं उच्चारलेलं नाही. ती आमच्याच ऑफिसात ड्रॉइंग्ज ट्रेस करायची. उंच, जरा वाकून चालणारी, थंडीत मिटन, म्हणजे लोकरीचा हातमोजा, काढून बोटांवर फुंकर घालणारी. आठ महिन्यांतला एकही रविवार आम्ही एकमेकांशिवाय घालवला नाही. तिला मी अक्काच्या भाकरीची गोष्ट सांगितली, तेव्हा ती खूप हसली आणि मग म्हणाली, तिला इकडे घेऊन ये, मी तिला सगळं दाखवते. डिसेंबरात मी निघालो तेव्हा वसंत ऋतूत परत येतो असं सांगून निघालो. कऱ्हाडला गेलो. अक्कानं सुषमाला पाहून ठेवलं होतं. मी नाही म्हणालो नाही. पंधरा दिवसांत लग्न झालं. मारितची ब्रिस्टलला दोन पत्रं आली — दोन्हींना मी उत्तर दिलं नाही. अक्कालाही यातलं काही कळू दिलं नाही.

पण मी सांगायला बसलो तो गुन्हा हा नव्हे. असले पळपुटे माझ्या पिढीत पुष्कळ झाले. सुषमा चांगली आहे, मीरा झाली, पुढे नोकरी बदलून आम्ही पिनरला घर घेतलं. सगळं नीट झालं. फक्त सकाळच्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या डब्यात समोरच्या बाईनं मिटन काढून बोटांवर फुंकर घातली की मला पुढची दोन-तीन स्टेशनं दिसायची नाहीत. अठरा वर्षं हे असं चाललं होतं. याला काय म्हणतात? प्रेम म्हणायला मला लाज वाटते.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये अक्का आमच्याकडे आली. रिटायर होऊन वर्ष झालं होतं. लंडन तिनं आज्ञाधारकपणे पाहिलं. पण एका संध्याकाळी बॅक गार्डनमध्ये लसूण सोलता सोलता म्हणाली, इथून नॉर्वे किती लांब रे? आणि लगेच, नाही, सहज विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. तिच्या भारतीय पासपोर्टवर व्हिसा हवा होता, त्यासाठी वकिलातीत दोनदा खेटे घातले. तिकिटं काढली — शुक्रवारी संध्याकाळी जायचं, रविवारी सकाळी परत. म्हणजे शनिवारचा एक अख्खा दिवस. सुषमाचे डोळे भरून आले. तिला येता येणार नव्हतं, कारण त्याच आठवड्यात मीराचे जीसीएसईचे, म्हणजे इथल्या दहावीचे, पेपर होते. तो वीकेंड मी निवडला होता. पेपर कधी आहेत हे बघून निवडला होता. आता कळलं ना? अक्काला नॉर्वे दाखवायचं होतं हेही खोटं नव्हतं. पण ते पहिलं कारण नव्हतं.

विमान ऑस्लोवर उतरायला लागलं तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन. खाली पाण्यात विखुरलेली बेटं. अक्का खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बसली होती. माझ्या मनगटावर तिचा हात होता आणि तो घट्ट होत गेला.

शनिवारी सहालाच ती तयार होऊन बसली. पातळावर सुषमाचा स्वेटर, पायात मीराचे ट्रेनर्स. काय काय बघायचं याची यादी तिला पाठ होती. खाडीपलीकडच्या म्युझियममधली हजार वर्षांपूर्वीची लाकडी जहाजं. धक्क्याजवळचा किल्ला. आणि गावामागची टेकडी, जिथून अख्खा फियोर्ड दिसतो. अकरापर्यंत आम्ही रमतगमत धक्क्यावर पोचलो. समोर फेरीबोटी, मागे नगरपालिकेची ती दोन बुरुजांची विटकरी इमारत. पाण्याकडे तोंड करून एक बाक होता.

मी तिला त्या बाकावर बसवलं. म्हणालो, "अक्का, एका जुन्या कलीगला भेटून येतो. तासाभरात आलोच. इथून हलू नकोस हं, चुकामूक होईल."

ती म्हणाली, "जा रे, जा. मी पाणी बघत बसते."

ट्रॅमनं मी नदीपलीकडे गेलो. मारितची ती इमारत तशीच होती. दारावरच्या पाट्यांमध्ये तिचं नाव होतं, आडनावही तेच. बेल वाजवली. कुणी नाही. शेजारची म्हातारी बाहेर पडत होती, ती म्हणाली, आईकडे गेलीय, दुपारी येईल.

दुपारी म्हणजे किती वाजता? समोर एक बेकरी होती. तिच्या खिडकीशी बसलो. बारा वाजले. मनाशी म्हटलं, पंधरा मिनिटं. मग आणखी पंधरा. मी कॉफी घेतली, दालचिनीचा बन खाल्ला, मग दुसरा खाल्ला. एक वाजला. दोन वाजले. इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायचीय, कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस वेगळं सांगत होतो — मी अक्काला विसरलो नव्हतो. हातात घड्याळ होतं. तिच्याजवळ तिथले पैसे नाहीत हे मला माहीत होतं. तिला इंग्रजी वाचता येतं पण बोलायची भीती वाटते हे माहीत होतं. हलू नकोस म्हटल्यावर ती हलणार नाही — हे तर मला सगळ्यांत जास्त माहीत होतं. दर पंधरा मिनिटांनी मला हे सगळं आठवत होतं आणि दर पंधरा मिनिटांनी मी बसून राहत होतो.

सव्वाचारला मारित आली. केस पिकायला लागले होते, चाल तीच, जरा वाकलेली. मी रस्ता ओलांडला. तिनं मला लगेच ओळखलं. रागावली नाही. पिशवी पायरीवर ठेवली आणि आम्ही दारातच उभे राहिलो, दहा मिनिटं. वर ये म्हणाली नाही. तिचं लग्न झालं होतं, मोडलं होतं. आता आला आहेस ते कशासाठी, असं तिनं विचारलं. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. मी म्हणालो, कामासाठी आलो होतो, म्हटलं बघून जावं.

मग ती म्हणाली, "आणि तुझी ती बहीण? भूगोल शिकवणारी. कशी आहे ती?"

मी म्हणालो, "बरी आहे. भारतात असते."

हेच ते. या वाक्यापाशी यायला मला एवढं फिरावं लागलं.

ट्रॅमनं पंधरा मिनिटांवर अक्का बाकावर बसली होती. मी नुसतं म्हटलं असतं की ती इथेच आहे, तर मला खात्री आहे, मारितनं पिशवी उचलली असती आणि म्हणाली असती, चल. अठरा वर्षांपूर्वी तिनं दिलेला शब्द तिला आठवत होता, हे तिच्या विचारण्यातूनच दिसत होतं. पण मग अक्काला कळलं असतं. मारित कोण, मी तेव्हा काय केलं, आणि आज तिला इथे कशासाठी आणलं — सगळं एका नजरेत कळलं असतं. म्हणून मी अक्काला भारतात पाठवून दिलं.

पाचाच्या सुमाराला धक्क्यावर परतलो. लांबूनच बाक दिसला. अक्का तशीच बसली होती. उन्हानं नाकाचा शेंडा लाल झाला होता. मी काही बोलायच्या आत ती उठली आणि हळूच म्हणाली, "वसंता, इथे बाथरूम कुठे असेल रे?"

जवळच्या कॅफेत नेलं तिला. माझी ती ताठ चालणारी बहीण, शाळेत जिच्या पावलांच्या आवाजानं व्हरांडे गप्प व्हायचे, ती पदर सावरत अक्षरशः धावत आत गेली. मी बाहेर उभा राहिलो. नंतर कळलं, जावं लागू नये म्हणून तिनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

म्युझियम सहाला बंद होणार होतं, त्यामुळे पलीकडे जाण्यात अर्थ नव्हता. टेकडीवर जायला अजून उजेड भरपूर होता, पण तिचे पाय सुजले होते. किल्ल्याच्या तटापाशी कसेबसे गेलो आणि तिथल्या गवतावर बसलो. तिनं पिशवीतून फडकं काढलं. दशम्या आणि लसणाची चटणी. तिनं दोन खाल्ल्या होत्या आणि दोन माझ्यासाठी ठेवल्या होत्या. पोटात दोन बन असताना मी त्या दशम्या खाल्ल्या.

काम झालं का, एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तो कलीग लांब राहतो, ट्रॅम बंद पडली, असं काहीतरी सांगायला लागलो. तिनं ऐकलं आणि मग पाण्याकडे बघत म्हणाली, "इथे भरती-ओहोटी फारशी नाही रे. सहा तासांत पाणी वीतभरसुद्धा हललं नाही."

त्यात टोमणा होता का? मी त्या वाक्याचा आवाज हजार वेळा आठवून पाहिलाय. नव्हता. मला वाटतं, नव्हता. वर्गात सांगावं तसं सांगितलं तिनं. आणि पाणी निळं नाही, राखाडी-हिरवं आहे, असंही म्हणाली. ते मात्र माझ्याकडे न बघता.

रविवारी दुपारी पिनरला पोचलो. सुषमानं चहा ठेवला आणि म्हणाली, "वन्सं, सांगा ना, काय काय पाहिलंत?" मीराही पुस्तकं टाकून आली. तिचं मराठी इथलं. "आत्या, तू तो जुना जहाज बघितला का?" तिनं विचारलं.

मी कपाकडे बघत होतो. आता कळणार, असं वाटलं. आणि खरं सांगू? क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

अक्का म्हणाली, "बघितलं ना. तेच तर बघायला गेलो होतो."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. जहाजांचं नक्षीकाम, टेकडीवरून दिसणारी बेटं, किल्ल्याच्या तोफा. हॉटेलात इंग्रजी माहितीपत्रकं होती, ती तिनं रात्री अथपासून इतिपर्यंत वाचलेली असणार. काही चुकलं नाही. चौतीस वर्षं न पाहिलेले देश शिकवलेली बाई ती. मीरा तोंडाचा आ करून ऐकत होती. माझ्याकडे अक्कानं एकदाही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी मंडळाचा कार्यक्रम होता, तिथे लोकांनी आग्रह केला म्हणून ती ऑस्लोवर पाऊण तास बोलली. टाळ्या पडल्या. कुणीतरी उठून म्हणालं, भाऊ असावा तर असा, आणि सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. मी उभा राहिलो, हात जोडले, खाली बसलो.

ती कऱ्हाडला परतली. पुढच्या पाच वर्षांत मी एकदाही गेलो नाही. कामं होती. म्हणजे — कामं होतीच, पण ती नेहमी असतात.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात गेलो, तेव्हा तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. काचबिंदू. पत्रातून तिनं कळवलं नव्हतं. अक्षर वाकडं यायला लागलं होतं ते मी म्हातारपणाचं समजलो. संध्याकाळी तिची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आता स्वतःच शिक्षिका झालेली. पाया पडली आणि म्हणाली, बाई, ते ऑस्लोचं परत एकदा सांगा ना.

अक्का मानेनं माझी दिशा शोधून म्हणाली, "यालाच विचार. हा बरोबर होता."

मी काय करायला हवं होतं? मी सांगायला लागलो. ती जहाजं मी पाहिली होती, एकाहत्तरमध्ये, मारितबरोबर, तीन-चारदा. त्यामुळे मला आठवत होती. काळं पडलेलं ओकचं लाकूड, सापाच्या फण्यासारखं वर वळलेलं टोक, त्याच्यावरचे एकमेकांत गुंतलेले कोरीव प्राणी. बोलता बोलता माझं अक्काकडे लक्ष गेलं. ती पुढे झुकून ऐकत होती. मान तिरकी, ओठ किंचित उघडे. भाकरीचा तुकडा हातात आला की तिच्या वर्गातल्या मुली दिसत असतील, तशी. मी थांबलो तर तिनं विचारलं, "आणि उजेड कुठून यायचा रे?"

मुलगी हसली. तिला वाटलं, बाई विसरल्या.

मी म्हणालो, उंचावर खिडक्या आहेत दोन्ही बाजूंना. भिंती पांढऱ्याशुभ्र. त्यामुळे जहाज अधिकच काळं दिसतं.

"हां," अक्का म्हणाली. "असं आहे होय."

मुलगी गेली. दिवा लावायची वेळ झाली होती. घरात आम्ही दोघंच. आता बोल, असं मला माझंच ऐकू येत होतं. तीही थांबली होती, हे मला समजत होतं. मी उठलो आणि म्हणालो, अक्का, चहा ठेवू का?

ठेव म्हणाली. चहा घेऊन झाल्यावर बशी चाचपत खाली ठेवली आणि म्हणाली, "छान सांगितलंस. पुढच्या वेळी टेकडीचं सांग."

तिला सगळं माहीत होतं का? किती माहीत होतं? मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की तिनं त्या दिवशी माझ्याकडे काहीतरी मागितलं. उभ्या आयुष्यात मागितलं असेल ते एवढंच.

त्यानंतर ती दीड वर्ष होती. तिच्या घरी आता टेलिफोन बसला होता, मी दर रविवारी फोन करायचो. पंधरा-वीस मिनिटं सहज बोलणं व्हायचं. टेकडी मला पाठ आहे. तिथून फियोर्ड कसा दिसतो, कोणत्या बेटामागे कोणतं बेट, संध्याकाळी पाणी कुठे उजळतं, सगळं. पण त्याला हात घातला असता तर त्या शनिवारी आपण तिथे गेलो नव्हतो, हे दोघांनी कबूल केल्यासारखं झालं असतं. ती ते कबूल करून बसली होती. मी नव्हतो.

फोनवर मी तिला पिनरची हवा सांगायचो. ऊन पडलंय, वारा आहे, आज भुरभुर पाऊस. ती सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, आणि मी बोलायचा थांबलो की थोडा वेळ काहीच बोलायची नाही. मग मी म्हणायचो, बरं अक्का, ठेवतो.